एकोणचाळीस मिनिटं

२९ सप्टेंबर १९७७, न्यूयॉर्क. १,०९९ दिवस बाकी

मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधरा फेऱ्या संपल्या. मुहम्मद अली गुणांवर जिंकला. समोर अर्नी शेव्हर्स होता; त्या काळच्या हेवीवेट बॉक्सरांत त्याच्याइतका जड हात फार थोड्यांचा. तो हात त्या रात्री अलीच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा बसला. अलीचं वय ३५.

लढतीनंतरच्या पत्रकार परिषदेत गार्डनच्या लढती ठरवणारा टेडी ब्रेनर उठला. यापुढे गार्डन अलीला लढतीचं बोलावणं धाडणार नाही, असं त्यानं जाहीर केलं. अली तिथला सर्वांत जास्त तिकिटं खपवणारा बॉक्सर होता आणि तासाभरापूर्वी जिंकला होता.

त्यानंतरचे काही दिवस

अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांच्या हाती न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाकडून प्रयोगशाळेचा एक अहवाल आला. अलीची मूत्रपिंडं नीट काम करत नव्हती. पाचेको यांनी अहवालाच्या प्रती काढल्या, सोबत पत्र लिहिलं आणि ती पाकिटं अली, त्याची पत्नी व्हेरोनिका आणि मॅनेजर हर्बर्ट मुहम्मद यांना पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. पाचेको यांनी अलीचा कोपरा सोडला.

कोपऱ्यात आता प्रशिक्षक अँजेलो डंडी होता, सहायक ड्रू ‘बुंदिनी’ ब्राऊन होता, पाणी देणारे, अंग चोळणारे होते. ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर नव्हता.

१५ सप्टेंबर १९७८, न्यू ऑर्लिन्स. ७४८ दिवस बाकी

सात महिन्यांपूर्वी ज्याच्याकडून हरला होता त्या लिऑन स्पिंक्सला अलीनं सुपरडोममध्ये पंधरा फेऱ्यांत हरवलं. १९६४, १९७४ आणि आता १९७८: हेवीवेटचं विजेतेपद तीनदा मिळवणारा तो पहिलाच. पुढच्या वर्षी त्यानं निवृत्ती जाहीर केली.

गोष्ट इथे थांबायला हरकत नव्हती. अलीवर लिहिणारे बहुतेक जण याच ठिकाणी उसासा टाकतात. पण निवृत्त अलीभोवती माणसं तेवढीच राहिली होती, खर्चही तेवढाच होता, आणि रिंगच्या बाहेर त्याला जगभरात कुठेही नेलं तरी लोक एकच प्रश्न विचारत: पुन्हा कधी?

जानेवारी १९८०, दिल्ली. आठ महिने बाकी

अली भारतात होता. दिल्लीत त्यानं भारतीय बॉक्सर कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत केली. मद्रासमध्येही त्याला पाहायला गर्दी लोटली. भारतातच असताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा निरोप आला: मॉस्को ऑलिंपिकवरील बहिष्कारासाठी आफ्रिकी देशांचं मन वळवायला जावं. अली गेला. टांझानियापासून सेनेगलपर्यंत पाच देश झाले. बहिष्काराच्या बाजूनं फारसं कुणी वळलं नाही. टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी त्याला भेटसुद्धा दिली नाही. मुत्सद्दी म्हणून त्याच्या वाट्याला आलेलं पहिलं मोठं काम फसलं होतं.

३१ मार्च १९८०, नॉक्सव्हिल आणि लास वेगास. १८५ दिवस बाकी

एकाच रात्री दोन विजेतेपदाच्या लढती झाल्या. तेव्हा हेवीवेटचे दोन विजेते होते: एका संघटनेचा जॉन टेट, दुसरीचा लॅरी होम्स. अलीच्या पुनरागमनासाठी नाव घेतलं जात होतं ते टेटचं. टेट धिप्पाड होता, पण संथ होता.

नॉक्सव्हिलमध्ये शेवटची, पंधरावी फेरी चालू होती. टेट गुणांवर पुढे होता. घंटेला ४५ सेकंद उरले असताना माइक वीव्हरचा डावा हुक बसला आणि टेट तोंडावर पडला. त्याला उचलूनच न्यावं लागलं.

त्या रात्री लास वेगासमध्ये होम्सनं लिरॉय जोन्सला आठव्या फेरीत थांबवलं. टेटच्या नावावर फुली पडली. उरला होम्स.

कोण हा होम्स

पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा. सातवीतच शाळा सुटली, गाड्या धुतल्या. १९७३ च्या सुमारास डीअर लेक इथल्या अलीच्या शिबिरात सरावाचा जोडीदार म्हणून आला. तिथे पहिल्याच काही दिवसांत अलीच्या ठोशानं त्याचा डोळा काळानिळा झाला. कुणीतरी बर्फ आणला, तो त्यानं लावून घेतला नाही. गावी जाऊन तो डोळा त्याला दाखवायचा होता.

१ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात अली आणि जो फ्रेझर एकमेकांना मरणाच्या दारापर्यंत घेऊन गेले, त्या दिवशी त्याच रिंगमध्ये आधीच्या एका लढतीत होम्सही जिंकला होता. अलीचा जॅब कुठून सुटतो, तो कधी मागे झुकतो, थकला की कोणत्या बाजूला सरकतो, हे त्याला वर्षानुवर्षांच्या सरावातून अंगवळणी पडलं होतं. १९८० मध्ये तो ३० वर्षांचा होता. ३५ लढती, ३५ विजय.

अली त्याला ‘पीनट’ म्हणायचा. शेंगदाणा.

१९८० चा उन्हाळा, डीअर लेक

करार झाला. लढत १५ फेऱ्यांची. अलीचा मोबदला ८० लाख डॉलर. विजेता असलेल्या होम्सचा वाटा त्याहून बराच कमी. प्रवर्तक डॉन किंग. लढतीचं नाव ‘द लास्ट हुर्रा’ ठेवलं गेलं. शेवटचा जयजयकार.

सरावाच्या सुरुवातीला अलीचं वजन २५० पौंडांच्या वर होतं, म्हणजे ११३ किलोहून जास्त. केस पिकू लागले होते. त्यानं मिशी ठेवली होती.

माहितीपट करणारे अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स दोन्ही शिबिरांत कॅमेरा घेऊन फिरत होते. अली कॅमेऱ्यापुढे जादूचे प्रयोग करून दाखवी, होम्सची नक्कल करी. आवाज बारीक येत होता. काही शब्द एकमेकांत मिसळत होते.

जुलैची अखेर, रोचेस्टर, मिनेसोटा. सुमारे ७० दिवस बाकी

वर्तमानपत्रांत अलीच्या बोलण्याबद्दल कुजबुज वाढली होती. लढतीचा परवाना नेवाडा राज्याचा क्रीडा आयोग देणार होता. आयोगानं वैद्यकीय तपासणी मागितली आणि अली मेयो क्लिनिकमध्ये दाखल झाला.

मूत्रपिंडं तपासली. मेंदूचा स्कॅन काढला. मग मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी साध्या दोन गोष्टी करायला सांगितल्या.

एका पायावर उड्या मार. त्यानं मारल्या, अपेक्षेइतकी चपळाई दिसली नाही.

डोळे मिटून बोटानं नाकाचा शेंडा गाठ. बोट किंचित चुकलं.

ज्याच्या पायांवर आणि अंतर मोजण्याच्या नजरेवर जगानं पंधरा वर्षं लेख लिहिले, त्या माणसाच्या कागदपत्रांत या दोन नोंदी झाल्या. दोन्ही गोष्टी थकव्यामुळेही होऊ शकतात, असंही तिथे लिहिलं होतं. निष्कर्षाचं वाक्य असं होतं, की पुढे लढण्यास मनाई करावी असं निश्चित काही आढळलं नाही.

‘निश्चित काही आढळलं नाही’ आणि ‘धडधाकट आहे’ यांत फरक आहे. पाकिटाच्या पुढच्या प्रवासात तो पुसला गेला. अहवाल नेवाडाला पोहोचला. तेव्हा तो जाहीर झाला नाही. परवाना मिळाला.

बरंच नंतर, २०१७ मध्ये, अमेरिकी संशोधकांनी अलीच्या जुन्या मुलाखतींतला बोलण्याचा वेग यंत्रानं मोजला. वयाच्या २६ ते ३९ या काळात तो २६ टक्क्यांनी मंदावला होता. यंत्र नवं होतं, मुलाखती त्याच होत्या. १९८० मध्ये त्या घराघरांत ऐकल्या गेल्या होत्या.

सप्टेंबर. सुमारे २१ दिवस बाकी

वजन उतरत होतं, पण अंगात दम नव्हता. हर्बर्ट मुहम्मद यांच्या ओळखीचे डॉक्टर चार्ल्स विल्यम्स यांनी अलीला तपासलं. थायरॉईड ग्रंथी मंद झाली असावी असं त्यांना वाटलं. त्यांनी थायरोलार नावाच्या गोळ्या दिल्या. रोज एक.

अली रोज तीन घेऊ लागला. जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी तशी.

थायरोलारमध्ये थायरॉईडची संप्रेरकं असतात. गरज नसताना किंवा जास्त घेतली तर शरीराची भट्टी भडकते. हृदय धावतं, वजन झपाट्यानं घटतं, चरबीबरोबर स्नायूही झिजतात, शरीराला उष्णता बाहेर टाकणं जड जातं. झोपून राहणाऱ्या माणसालाही हे मानवत नाही. अलीला वाळवंटात, दिव्यांखाली, एक तास ठोसे खायचे होते.

गोळ्यांचा पहिला परिणाम मात्र सगळ्यांना हवा तोच होता. पोट गेलं. कंबर दिसू लागली. त्यानं मिशी काढली, केस काळे केले. सीझर्स पॅलेस हॉटेलात सराव बघायला पैसे मोजून येणारे लोक एकमेकांना सांगू लागले: दहा वर्षांपूर्वीचा अली परत आला. सट्टेबाजांकडे होम्सचं पारडं जड होतं, तरी फरक आकसत गेला. लोक डोळ्यांनी पैज लावत होते.

अलीला एक मैलही नीट धावता येत नव्हतं. हे त्यानं स्वतःच सांगितलं, पण लढतीनंतर.

वजनाची वेळ

होम्स: २११.५ पौंड. अली: २१७.५ पौंड.

सहा वर्षांपूर्वी किन्शासात जॉर्ज फोरमनला हरवताना अलीचं वजन होतं २१६.५. फक्त एका पौंडाचा फरक. आकडा ऐकून टाळ्या पडल्या. थोड्याच महिन्यांत ३० पौंडांहून जास्त वजन गेलं, त्यातलं नेमकं काय गेलं, हा प्रश्न वजनकाटा विचारत नाही.

२ ऑक्टोबर १९८०, संध्याकाळ, लास वेगास

सीझर्स पॅलेसच्या वाहनतळावर तात्पुरतं स्टेडियम उभं केलं होतं. सुमारे २५ हजार माणसं. तिकिटांच्या पैशांचा नवा विक्रम झाला होता. देशभरातल्या चित्रगृहांत आणि सभागृहांत थेट प्रक्षेपण चालू झालं. भारतात ३ तारखेची सकाळ होती.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलालाही त्याचे गुरू ही लढत मोठ्या पडद्यावर दाखवायला घेऊन गेले होते. गुरूंचं नाव कस डमाटो. मुलाचं नाव माइक टायसन.

अली रिंगमध्ये आला. होम्सच्या अंगावर धावून गेल्यासारखं त्यानं केलं, बुंदिनीनं त्याला धरून ठेवल्यासारखं केलं. ओरडला, मुठी दाखवल्या. होम्स शांत उभा होता. हे नाटक त्यानं डीअर लेकला शेकडो वेळा पाहिलं होतं.

पंच रिचर्ड ग्रीननं दोघांना मधोमध बोलावलं.

इथून पुढचं घड्याळ सोपं आहे. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती. पंधरा फेऱ्या पूर्ण झाल्या असत्या तर शेवटची घंटा ५९ व्या मिनिटाला झाली असती.

मिनिट ०. पहिली फेरी

होम्सचा जॅब पहिल्याच मिनिटात पोहोचला. अलीनं मान मागे घेतली. पूर्वी ती अर्धा इंच अंतर ठेवून मागे जायची आणि ठोसा हवेत विरायचा. आज मान मागे गेली, ठोसा मागोमाग आला आणि बसला.

अलीचा जॅब निघालाच नाही म्हटलं तरी चालेल.

मिनिट ३

अली स्टुलावर बसला. दमला होता. आपण हरणार हे पहिल्या फेरीनंतरच कळलं, असं त्यानं पुढे सांगितलं. अजून चौदा फेऱ्या आहेत, हा विचार तेव्हा मनात आला होता.

कोपऱ्यात तो हे बोलला नाही.

मिनिट ४ ते २३. दुसरी ते सहावी फेरी

वेगळं सांगण्यासारखं फार काही नाही. होम्स जॅब मारतो, उजवा हात घालतो, बरगड्यांवर जातो, परत जॅब. अली हातानं ‘ये, ये’ करतो, मान हलवून ‘लागलं नाही’ सांगतो, दोरांना टेकतो. टेकून थांबण्याच्या याच युक्तीनं किन्शासात फोरमनला थकवलं होतं, म्हणून गर्दी वाट पाहत राहते. हा सापळा आहे, असं लोकांना वाटतं. समालोचकांनाही थोडा वेळ वाटतं.

होम्स थकत नाही. अलीच्या डोळ्यांखाली सूज धरू लागते. तिन्ही गुणलेखक प्रत्येक फेरी होम्सला देत जातात.

मिनिट २४. सातवी फेरी

अली टाचा उचलून नाचू लागला. गोल फिरला, काही जॅब टाकले. स्टेडियम उभं राहिलं. ‘अली, अली’ सुरू झालं.

त्याची त्या रात्रीची सर्वांत चांगली फेरी हीच. ती नसती तर कदाचित आठव्या फेरीआधीच कुणीतरी टॉवेल उचलला असता. तीन मिनिटांत जे काही शिल्लक होतं ते संपलं. तिन्ही गुणपत्रिकांवर ही फेरीसुद्धा होम्सच्या नावावर लागली.

मिनिट २८. आठवी फेरी

पाय थांबले. अली दोरांवर. हात चेहऱ्यासमोर, तेवढेच.

कुस्तीत पाठ लागली की निकाल लागतो. हरणाऱ्याला मातीच सोडवते. बॉक्सिंगमध्ये उभं राहता येतंय तोवर लढत चालू. ज्याला पडताच येत नाही त्याला सोडवायला दुसरा माणूस लागतो. नियमानं असे दोघं: पंच आणि कोपऱ्यातला मुख्य सेकंड, म्हणजे प्रमुख मदतनीस. अलीला पडता येत नसे. फ्रेझरनं १९७१ मध्ये त्याला पंधराव्या फेरीत पाडलं तेव्हाही तो तीन-चार सेकंदांत उठून उभा होता. त्याच्या या गुणाचं तोवर नुसतं कौतुकच झालं होतं.

मिनिट ३२. नववी फेरी

होम्सचा उजवा अपरकट हनुवटीवर बसला. अली वळला. पाठ अर्धी होम्सकडे, दोन्ही ग्लोव्हज चेहऱ्यावर. अलीला रिंगमध्ये असं वळताना कुणी पाहिलं नव्हतं.

पाठोपाठ उजवा ठोसा कुशीत, मूत्रपिंडाच्या बाजूला बसला. अली कळवळून ओरडला. रिंगजवळच्या रांगांत तो आवाज ऐकू आला.

होम्सनं पंचाकडे पाहिलं. ठोसे मारत असतानाच तो डोळ्यांनी विचारत होता: थांबवणार का? ग्रीननं थांबवलं नाही. होम्सपुढे दोनच पर्याय होते. मारत राहायचं, किंवा विजेतेपदाच्या लढतीत हात खाली घ्यायचे. त्यानं तिसराच शोधला: मारायचं, पण पूर्ण जोरानं नाही.

मिनिट ३५

रिंगच्या पहिल्या रांगेत हर्बर्ट मुहम्मद मान खाली घालून बसले होते. बऱ्याच वेळापासून ते रिंगकडे पाहत नव्हते.

थांबवायचं तर त्यांनी सांगावं, असं कोपरा समजत होता. डंडी, पंच ग्रीन, रिंगपाशी बसलेले आयोगाचे डॉक्टर, प्रत्येकाला थांबवणं किंवा थांबवायला लावणं शक्य होतं. प्रत्येकाच्या हातात एकेक दोरी होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे पाहत होता. त्यांच्यातला कुणी दुष्ट होता असं मला वाटत नाही. बहुतेकांचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि त्यांच्यापैकी कुणीही अलीला आजवर ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. ते म्हणणारे तीन वर्षांपूर्वीच निघून गेले होते.

विश्रांतीचं मिनिट संपलं.

मिनिट ३६. दहावी फेरी

तीन मिनिटं. अलीकडून ठोसा जवळपास नाही. होम्सचे जवळपास सगळे लागले. अली पडला नाही.

मिनिट ३९

घंटा. अली स्टुलावर बसला. डोळे सुजलेले, मान झुकलेली.

हर्बर्ट मुहम्मद यांनी अखेर खूण केली. अलीचा अंगरक्षक पॅट पॅटरसन यानं ती कोपऱ्यापर्यंत पोहोचवली.

डंडी पंचाला म्हणाला, संपलं.

बुंदिनीनं डंडीचा स्वेटर पकडला. अजून एक फेरी, फक्त एक फेरी. डंडीनं त्याला झटकलं आणि ओरडून सांगितलं, की मुख्य सेकंड मी आहे, थांबवतोय मी.

अली काही बोलला नाही. दोघांच्या मध्ये बसून होता. अकराव्या फेरीची घंटा चाळिसाव्या मिनिटाला व्हायची होती.

तीनही गुणपत्रिका सारख्या निघाल्या: दहापैकी दहा फेऱ्या होम्सच्या. १९६० पासून १९८१ पर्यंत अली व्यावसायिक रिंगमध्ये ६१ वेळा उतरला. निर्धारित फेऱ्यांआधी लढत थांबल्यानं हरला तो फक्त याच रात्री.

त्याच रात्री, हॉटेल

होम्स रिंगमध्येच रडला होता. नंतर तो भावाला घेऊन अलीच्या खोलीवर गेला. अली अंधारात आडवा पडला होता. होम्सनं त्याला सांगितलं, की माझं तुझ्यावर प्रेम आहे. मग एवढं मारलंस कशाला, असं अलीनं विचारलं. होम्स खोलीबाहेर पडत असताना मागून बारीक आवाजात घोषणा सुरू झाली: मला होम्स पाहिजे, होम्सला आणा.

६ ऑक्टोबर. चार दिवसांनी

अली लॉस एंजेलिसमध्ये विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखल झाला. गोळ्यांची हकीकत आता बाहेर आली. थकव्याला कारण सापडलं, आणि त्या कारणातच नवी आशा निघाली: दोष गोळ्यांचा होता, वयाचा नव्हता. गोळ्या न घेता पुन्हा लढता येईल.

डिसेंबर १९८०

नेवाडाच्या आयोगानं परवान्याची चौकशी लावली. अलीनं परवाना आपणहून परत केला. लढतीला तीन महिने होत आले होते.

११ डिसेंबर १९८१, नासाऊ, बहामाज. ४३५ दिवसांनी

बहामाजचा परवाना निघाला. प्रतिस्पर्धी ट्रेव्हर बर्बिक, फेऱ्या दहा. रिंगसाठी घंटा आणायची राहून गेली होती. गायीच्या गळ्यातली घंटा शोधून आणली आणि ती वाजवून फेऱ्या सुरू केल्या. अलीचं वजन २३६ पौंडांच्या वर. तो गुणांवर हरला आणि मग खरोखरच थांबला. पाच आठवड्यांनी त्याला चाळिसावं वर्ष पूर्ण झालं.

१९८२

ठरलेल्यापेक्षा ११ लाख ७० हजार डॉलर कमी मिळाले, म्हणून अलीनं डॉन किंगवर दावा लावला. पुढे ५० हजार डॉलर रोख हातात आल्यावर तो मागे घेतला. (अमेरिकेत बॉक्सर आणि प्रवर्तक यांच्या व्यवहारांना वेसण घालणारा कायदा २००० साली झाला. त्याला अलीचं नाव आहे.)

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला, त्याच सीझर्स पॅलेसच्या आवारात, रे मॅन्सिनीबरोबरच्या लढतीत कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत दगावला. पंच रिचर्ड ग्रीनच होता. त्यानंतर विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या.

सप्टेंबर १९८४, न्यूयॉर्क

कोलंबिया-प्रेस्बिटेरियन रुग्णालयात डॉ. स्टॅन्ली फान यांनी निदान केलं: पार्किन्सनची लक्षणं. त्यातला डोक्यावरच्या माराचा वाटा किती, यावर डॉक्टरांत शेवटपर्यंत मतभेद राहिले. बारा वर्षांनी अटलांटात ऑलिंपिकची ज्योत पेटवताना थरथरणारा हात जगानं पाहिला आणि लोक हेलावले. त्या रात्रीपासून अली सगळ्यांचा झाला, त्याला शिव्या घालणाऱ्यांचासुद्धा. ३ जून २०१६ ला तो गेला, तेव्हा ७४ वर्षांचा होता.

मेझल्स बंधूंचं चित्रीकरण एकोणतीस वर्षं डब्यात पडून राहिलं. ती लढत कुणाला पुन्हा पाहायची नव्हती. २००९ मध्ये माहितीपट दाखवला गेला, त्याच्या नावात दोघं आहेत: मुहम्मद आणि लॅरी. एरवी होम्सच्या वाट्याला एवढी बरोबरी आली नाही. २० वेळा विजेतेपद राखलं, ४८ लढती एकही न हरता काढल्या, तरी लोकांच्या लेखी तो अलीला मारणाराच राहिला.

२२ जानेवारी १९८८, अटलांटिक सिटी

लास वेगासच्या त्या रात्रीनंतर डमाटोनं अलीला फोन लावला होता आणि चौदा वर्षांच्या टायसनला बोलायला दिलं होतं. मोठा झाल्यावर होम्सला मी बघून घेईन, असं आपण अलीला सांगितलं, ही हकीकत टायसननंच पुढे अनेकदा सांगितली.

आता टायसन २१ वर्षांचा आणि विजेता होता. लढतीआधी अलीला मानानं रिंगमध्ये बोलावलं गेलं. टायसनजवळ येताच तो वाकून कानात पुटपुटला: काय म्हणाला होतास, लक्षात आहे ना?

समोर होम्स होता. अलीविरुद्ध नवव्या फेरीत पंचाकडे पाहून डोळ्यांनी ‘थांबवा’ म्हणणारा. निवृत्तीतून परतलेला, २१ महिने एकही लढत न खेळलेला. वय ३८, अलीचं त्या रात्री होतं तेवढंच.

चौथ्या फेरीत तो तीनदा पडला आणि पंचानं लढत संपवली. होम्सची कारकीर्द पुढेही बरीच चालली, एकूण ७५ लढती झाल्या. वेळेआधी थांबल्यानं तो हरला ती ही एकच.